तीनदा भाजलेले डांबर

दिनांक : ९ मार्च

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
रस्ते बांधणी व दुरुस्ती विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : रोलरचालक, तुकडी क्रमांक दोन, डांबर प्लांट.

विषय : ढीग क्रमांक सातमधील जुना माल रुग्णालयाच्या चढावर न वापरणे, आवक वहीत 'कितव्यांदा' हा रकाना घालणे आणि अपघात चौकशीतील माझा स्वतःचा जबाब दुरुस्त करून घेणे याबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. २ ऑगस्ट, १४ ऑक्टोबर व ६ जानेवारी.
२) त्यांवर आपल्या कार्यालयाकडून आलेली तीन उत्तरे.
३) दि. १८ मार्चच्या कामाचा आदेश, ज्यात माझे नाव आहे.

महोदय,

१. मी आपल्या खात्यात सव्वीस वर्षे रोलर चालवतो. माझी पत्नी आपल्याच प्लांटच्या चाचणी प्रयोगशाळेत एकोणीस वर्षे सहायक होती. गेल्या २० मे रोजी सकाळी नऊला दहा कमी असताना, कामावर येताना, टाकीच्या वळणावर तिची दुचाकी घसरली आणि ती जागीच गेली. याच विषयावरचा हा माझा चौथा अर्ज आहे. आपल्या तिसऱ्या उत्तरात म्हटले आहे की, 'अर्जातील मजकूर ही पूर्वीच्याच मजकुराची पुनरावृत्ती असल्याने त्यावर नव्याने कार्यवाही करता येत नाही.' तोच माल तीनदा आला की त्यात दम राहत नाही, हे आपल्या कार्यालयाला कागदाच्या बाबतीत तरी मान्य आहे, हे वाचून बरे वाटले. माझेही म्हणणे तेवढेच आहे. फक्त ते डांबराबद्दल आहे.

२. आपले कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आणि प्लांट शहराबाहेर, म्हणून काम कसे चालते ते आधी लिहितो. रस्ता खराब झाला की खरवडायचे यंत्र त्याचा वरचा थर काढते. तो जुना माल ट्रकने प्लांटवर येतो, काट्यावर त्याचे वजन होते, आवक वहीत नोंद होते आणि तो ढिगात पडतो. आमच्याकडे पहिल्यापासून रीत आहे की ज्या रस्त्याचा माल त्याचा ढीग वेगळा, आणि तो माल शक्यतो त्याच रस्त्याला परत. पुढे तो ड्रममध्ये भाजला जातो, त्यात नवी खडी व नवे डांबर मिसळले जाते आणि गरम मिश्रण पुन्हा रस्त्यावर पसरते. यात वाईट काही नाही. असे कित्येक रस्ते मी स्वतः दाबले आहेत आणि ते अजून उभे आहेत. मात्र दोनशे मीटरपेक्षा लहान तुकड्यासाठी नवा माल मागवायचा नाही, नरम करायचे तेल घालून सगळा जुनाच वापरायचा, अशी खात्याची सवलत आहे. त्या सवलतीला एकच अट आहे. असा माल एकदाच वापरावा.

टाकीचे वळण एकशे साठ मीटर आहे. तिथे तोच माल तीनदा वापरला गेला. वहीत तो तिन्ही वेळा 'प्रथम वापर' असा आहे.

३. हे कसे होते ते ऐकण्यासारखे आहे. माल ड्रममधून बाहेर पडला की त्याची नोंद 'नवीन मिश्रण' अशी होते. काही वर्षांनी तोच खरवडून फाटकात आला की वही म्हणते, नवीन मिश्रणाचा जुना माल, आवक पहिली. पुन्हा भाजला की पुन्हा नवीन. कोणी खोटे लिहीत नाही. वहीला मागचे आठवत नाही, एवढेच. तिच्या लेखी त्या वळणाचे डांबर आजवर कधी म्हातारे झालेलेच नाही.

४. डांबराचे वय ओळखायचे काम माझ्या पत्नीकडे होते. मिश्रणातून डांबर वेगळे काढायचे, वाटीत घेऊन पंचवीस अंशाच्या पाण्यात ठेवायचे, आणि शंभर ग्रॅम वजनाची सुई पाच सेकंद त्यावर सोडायची. सुई किती रुतते तो आकडा. नवे डांबर साठ-पासष्ट दाखवते. वळणाच्या मालाचे डांबर तेल घातल्यावर पहिल्या खेपेस बावन्न, दुसऱ्या खेपेस एकतीस आणि तिसऱ्या खेपेस चौदा निघाले. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे, पण हे आकडे मला तिच्या वाढदिवसासारखे पाठ आहेत. ती सांगायची की ऊन आणि हवा खाऊन डांबर कडक होते आणि दर भाजणीत आणखी कडक होते. चिकटपणा जातो, ताण आला की ते वाकत नाही, तडकते. तेलाने पहिल्यांदा पुष्कळ फरक पडतो, दुसऱ्यांदा थोडा, तिसऱ्यांदा नुसता देखावा. तिचे शब्द असे होते : "पांढऱ्या केसांना तेल लावलं की चमकतात. काळे होत नाहीत."

खडीचेही तसेच. खरवडायचे यंत्र दर वेळी ती फोडते. मोठी खडी कमी होत जाते, भुकटी वाढत जाते आणि भुकटी डांबर पिऊन टाकते. जी खडी उरते तिच्या धारा चाकांनी झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. तिला धरून ठेवायला डांबर पुरत नाही. असा रस्ता पहिले काही महिने छान काळाभोर दिसतो. मग एकेक खडा सुटतो आणि कडेला मण्यांसारखा जमा होतो.

५. तिसऱ्या खेपेचा आकडा आला तेव्हा ती वही घेऊन प्लांटप्रमुखांकडे गेली. त्यांना आम्ही काटेसाहेब म्हणतो, कारण ते दिवसभर वजनकाट्यापाशी उभे असतात. वहीत 'कितव्यांदा' असा एक रकाना वाढवावा, एवढेच तिने मागितले. काटेसाहेब हसले आणि म्हणाले, "बाई, डांबराला जन्मदाखला नसतो." ती म्हणाली, "नसू दे. पण मेल्याचा दाखला द्यायची वेळ आली तर तो कुणाच्या नावाने देणार?" त्यावर काटेसाहेबांनी तिला चहा पाजला आणि परत पाठवले. माणूस वाईट नाही. छापील वहीत हाताने रेघ मारली तर वरून खुलासा मागवतात, या एकाच गोष्टीला ते आयुष्यभर घाबरत आले आहेत. तेव्हापासून ती पानाच्या बाजूच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहू लागली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. सुई १४.

६. अपघाताबाबत. आपल्या अहवालात दोन कारणे आहेत. पहिले, 'रस्त्यावर अज्ञात वाहनातून सांडलेली बाहेरील खडी.' दुसरे, 'चालक महिलेचा निष्काळजीपणा.'

बाहेरील खडीविषयी : रुग्णालयात तिचे कपडे मला पिशवीत भरून दिले. उन्हासाठी वरून घातलेल्या शर्टाच्या दुमडलेल्या बाहीत अकरा खडे अडकले होते. ते मी पत्र्याच्या डबीत ठेवले आहेत व सोबत जोडत आहे. ट्रकमधून सांडलेली खडी धुळकट आणि धारदार असते. हे खडे गोलसर आहेत आणि प्रत्येकाला एका अंगाला डांबर आहे. त्यावर नख ओढून बघावे. ओरखडा उठत नाही. हे डांबर मी ओळखतो. हे खडे बाहेरून आलेले नाहीत. ते त्या रस्त्याचेच आहेत, आणि तो रस्ता मी दाबलेला आहे.

निष्काळजीपणाविषयी : त्या वळणाला माझी पत्नी 'चौदा' म्हणायची. ती माझ्यामागे बसलेली असली की टाकी दिसायच्या आधीच माझ्या खांद्यावर दोन बोटे टेकवायची आणि म्हणायची, "अहो, हळू. चौदा आलं." शहरातल्या एवढ्या माणसांत त्या वळणाला भिऊन चालवणारी ती एकटी होती. वळणावर सायकल दुरुस्तीवाल्याचे दुकान आहे. त्याने जबाबात सांगितले आहे की बाई पायी चालाव्यात इतक्या हळू येत होत्या, मागच्या गाडीने भोंगा वाजवला म्हणून त्यांनी वाट द्यायला कडेला घेतली आणि कडेच्या खडीवरून चाक गेले. अहवालात त्याच्या जबाबातले मधले दोनच शब्द घेतले आहेत, 'कडेला घेतली'. पुढे लिहिले आहे, निष्काळजीपणा.

आणि रस्ता निर्दोष होता, तर आठव्या दिवशी तो खरवडून संपूर्ण नवा माल का घातला? सवलत असताना, नियम असताना, एकशे साठ मीटरला नवी खडी आणि नवे डांबर. सुंदर रस्ता झाला आहे. तोही मीच दाबला.

७. आता आपल्या उत्तरांबाबत. पहिल्या उत्तरात मला वहीतील नोंदींचा पुरावा द्यायला सांगितले. मी पेन्सिलीच्या नोंदींचा पानक्रमांक दिला. दुसऱ्या उत्तरात आले की त्या नोंदी कोणाच्या हातच्या आहेत हे सिद्ध होत नाही, तरी 'संबंधित कर्मचाऱ्याने कार्यालयीन वेळेत समक्ष उपस्थित राहून आपल्या हस्ताक्षराची ओळख पटवावी.' हे पत्र माझ्या पत्नीच्या नावाने, माझ्या पत्त्यावर आले. त्याखाली टीप होती की गैरहजर राहिल्यास काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल. मी ते दोनदा वाचले. मग तिच्या फोटोसमोर नाही, कपाटात ठेवले. तिला हसू आवरले नसते.

त्यानंतर मी ती वही बघायला प्लांटच्या कचेरीत गेलो. बाजूची जागा कोरी होती. कोणीतरी रबराने स्वच्छ पुसली होती. पण तिचा हात जड होता. लिहिताना ती पेन्सिल दाबायची, घरातल्या किराणाच्या यादीतही पाठच्या पानावर वळ उठायचे. मी पानावर बोट फिरवले तर अक्षरे हाताला लागली. मी वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली आणि ठसा घेतला. आवक-जावकच्या बाईंनी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघितले. त्यांना यात त्रास होऊ नये, अशी विनंती आहे. त्यांनी काही पाहिले नाही.

८. हा अर्ज आत्ताच करायचे कारण असे. वळणाला नवा माल मिळाल्याने तिथून निघालेला जुना माल ढीग क्रमांक सातमध्ये मोकळा पडून राहिला. मोकळा माल प्लांटला सहन होत नाही. १८ मार्चच्या कामाच्या आदेशानुसार तो आता रुग्णालयाच्या चढावर घालायचा आहे. चढ एकशे ऐंशी मीटर आहे, म्हणजे पुन्हा तीच सवलत. मी वही पाहिली. ढीग सात, आवक पहिली, प्रथम वापर. चौथ्यांदा भाजल्यावर सुई किती दाखवेल हे मला माहीत नाही, कारण जिला ते विचारले असते ती नाही, आणि तिची जागा दहा महिने रिकामी आहे. चाचणीच्या रकान्यात सध्या 'समाधानकारक' असा शिक्का मारतात.

त्या चढावरून रुग्णवाहिका जातात. पायाला प्लास्टर घातलेली माणसे रिक्षातून जातात. माझी मुलगीही जाते. ती तिथे परिचारिका आहे आणि आईचीच दुचाकी दुरुस्त करून चालवते. मी गाडी विकू म्हणालो तेव्हा ती म्हणाली, "गाडीने काय केलंय?"

९. यापुढचा परिच्छेद माझ्या आधीच्या तीन अर्जांत नाही. त्यामुळे याला पुनरावृत्ती म्हणता येणार नाही.

६ जानेवारीचा अर्ज पाठवण्याआधी मी मुलीला वाचून दाखवला. ती गणवेशाला इस्त्री करत होती. वाचून झाल्यावर तिने इस्त्री उभी ठेवली आणि म्हणाली, "चांगला झालाय. पण बाबा, यात एक ओळ नाहीये." कोणती, असे मी विचारले. ती म्हणाली, "त्या रविवारी मी स्वयंपाकघरातच भाजी चिरत होते. मला ऐकू येतं."

तो अर्ज मी त्या ओळीशिवायच पाठवला. तेव्हापासून मुलगी माझ्याशी वाढण्यापुरते आणि दाराला कडी लावण्यापुरते बोलते. आपल्या चौकशीने दहा महिन्यांत मला जे विचारले नाही ते ती रोज ताट पुढे ठेवताना विचारते, तोंडाने नाही.

ती ओळ अशी. वळणावर तिसऱ्या खेपेचा माल घालायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, माझी पत्नी चहा घेऊन माझ्यासमोर बसली आणि तिने मला चौदाचा आकडा सांगितला. काटेसाहेब ऐकत नाहीत, वरच्यांना कळवायला वेळ नाही, असे म्हणाली. मग म्हणाली, "उद्या रोलर बंद आहे म्हणून सांगा. एक दिवस. तेवढ्यात मी साहेबांना गाठते." मी म्हणालो, "तुझी सुई तू सांभाळ. माझा रोलर मी सांभाळतो." तिने कप उचलले आणि ती आत गेली. पुढे तिने हा विषय माझ्याजवळ काढला नाही. फक्त वळण आले की खांद्यावर दोन बोटे.

सोमवारी मी काम केले. माल बसत नव्हता. रोलर पुढे गेला की मागे केसासारख्या चिरा उमटत होत्या. सव्वीस वर्षे हे काम करणाऱ्याला अशा चिरांचा अर्थ कोणी शिकवावा लागत नाही. मी पाणी मारले आणि सात फेऱ्या जास्त मारल्या. चिरा मिटल्या. खाली उरलीसुरली खडी मी फोडली असणार. वरून रस्ता आरशासारखा दिसत होता, काटेसाहेबांनी पाठ थोपटली आणि मला ते आवडले.

आपल्या चौकशीत प्रश्न क्रमांक नऊ होता, 'मालाच्या दर्जाबाबत आपणांस पूर्वकल्पना होती काय?' मी उत्तर दिले, 'नव्हती.' ते उत्तर खोटे आहे. पूर्वकल्पना होती. ती मला माझ्या घरात, माझ्या बायकोने, चहाचा कप हातात देऊन दिली होती. आधीच्या तिन्ही अर्जांत मी वहीला नावे ठेवली, की तिला मागचे आठवत नाही. मला सगळे आठवत होते.

१०. सबब विनंती अशी की, ढीग सातमधील माल रस्त्यावर न घालता कायमचा बाजूला काढावा. भरावाला वापरा, खड्ड्यात टाका, पण ज्यावरून चाक जाईल अशा ठिकाणी नको. आवक वहीत 'कितव्यांदा' हा रकाना छापावा. छापून येईपर्यंत हाताने रेघ मारायची परवानगी काटेसाहेबांना लेखी द्यावी, ते त्याशिवाय मारणार नाहीत. अहवालातून 'निष्काळजीपणा' हा शब्द काढावा. तो कुठेतरी ठेवणे भागच असेल तर माझ्या पदनामापुढे ठेवावा. आणि प्रश्न नऊचे माझे उत्तर 'होती' असे दुरुस्त करून त्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होते ती करावी. निवृत्तीला माझी तीन वर्षे राहिली आहेत, याचा विचार करू नये.

११. १८ मार्च रोजी रोलर बंद राहील. तो नादुरुस्त नाही. तेलपाणी केलेले आहे, ब्रेक नीट आहेत, कालच पुसून ठेवला आहे. आदेशात माझे नाव असल्याने मी सकाळी आठला हजर असेन आणि रोलरशेजारी उभा राहीन. त्याची चावी या अर्जासोबत जोडली आहे. दुसरी चावी भांडारात आहे हे मला माहीत आहे. ती काढायला नोंदवहीत सही करावी लागते, आणि त्या वहीत 'कोणी घेतली' असा रकाना आहे. तो माल कोणी घालायला लावला हे या वेळी तरी शाईने लिहिलेले राहील.

याउपर आपण ठरवाल ते. हा अर्ज मी मुलीला वाचून दाखवला आहे. ओळ आहे, असे ती म्हणाली.

आपल्या खात्याचा रोलरचालक
व वर उल्लेखिलेल्या प्रयोगशाळा सहायिकेचा पती,

(सही)

सोबत :
१) पत्र्याची डबी एक, आत खडे अकरा. मोजून परत मिळावेत.
२) आवक वहीतील पुसलेल्या नोंदींचा पेन्सिलीने घेतलेला ठसा.
३) सायकल दुरुस्तीवाल्याच्या जबाबाची प्रत, पूर्ण वाक्यासह.
४) माझ्या पत्नीस समक्ष हजर राहण्याबाबत आलेले आपले पत्र. ती येऊ शकत नाही.
५) रोलरची चावी.